टाचणवही : मलिद्याचे ताट आणि प्रायोजकाचा फलक



मागील टाचणात आपल्या सणांच्या जुन्या मराठी नावांविषयी, म्हणजे नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण यांविषयी लिहिले होते. ते वाचून एका वाचक भगिनीने विचारले, "बाई, नावे लिहून ठेवलीत, उत्तम झाले. परंतु ती कानी पडण्याचा प्रसंग आमच्या मुलांना केव्हा लाभणार?" प्रश्न रास्त होता. शब्द कागदावर जतन करता येतो, पण जिवंत राहण्यासाठी त्याला माणसांची गर्दी, ताटांचा आवाज आणि लहान मुलांचा गोंगाट लागतो. त्या प्रश्नातूनच आपल्या इकडच्या कुटुंबांच्या मनात एका सामुदायिक मलिद्याची कल्पना रुजली. तिची आखणी करताना आम्ही काय शिकलो, कोठे चुकलो आणि आज कोठवर आलो आहोत, हे या वेळच्या टाचणात मांडत आहे. अन्य गावी राहणाऱ्या वाचकांनाही असा प्रसंग योजावयाचा असल्यास त्यांचा थोडा वेळ आणि थोडा मनस्ताप वाचावा, एवढाच हेतू.

मी ज्या अध्यापन विद्यालयात शिकले, तेथे हर्बार्टच्या पंचपदीवाचून पाठाचे टाचण स्वीकारले जात नसे. पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन या पाच पायऱ्या. त्या वेळी हा प्रकार आम्हांस कंटाळवाणा वाटे. आता वाटते की समारंभ आखणाऱ्या प्रत्येक समितीला ही पंचपदी पाठ असावी. आपल्या बहुतेक समित्या पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उभ्या राहतात. सभागृह ठरते, जेवण ठरते, निमंत्रणपत्रिका छापली जाते. आपण हे कशासाठी करीत आहोत, हा प्रश्न मात्र समारंभ आटोपून खुर्च्या उचलताना कोणाला तरी आठवतो.

आमची पूर्वतयारी दिनदर्शिकेपासून सुरू झाली. मलिदा कोणत्याही शुभकार्यात होतो. नवस फेडताना होतो, विवाहापूर्वी होतो, नव्या घरात राहावयास जाताना होतो. परंतु सर्वांनी एकत्र येऊन एलियाहू हन्नाबीचे स्मरण करण्याचा परंपरेचा दिवस म्हणजे शेवात महिन्याची पौर्णिमा, तू बिश्वात. आपले वाडवडील यालाच एलियाहू हन्नाबीचा उरूस म्हणत. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर ज्या खुणा आहेत, त्या हन्नाबीच्या अग्निरथाच्या अशी आपली श्रद्धा. त्या ठिकाणी आजही माणसे मलिदा घेऊन जातात. तेव्हा आमच्या मेळाव्यासाठीही तोच दिवस साधावा, असे सर्वानुमते ठरले. पण दिनदर्शिका उघडून पाहतो तो काय, ५७८७ सालचा तू बिश्वात २३ जानेवारी २०२७ रोजी, म्हणजे ऐन शब्बाथला! त्या दिवशी ना प्रवास, ना स्वयंपाक, ना पैशांचा व्यवहार, ना वाद्ये. ही पहिली अडचण. तिचे महत्त्व मला त्या वेळी पुरते कळले नाही, हे पुढे येईलच.

दिनदर्शिकेनंतर गाव. कोक्विटलाम हे व्हँकुव्हरच्या पूर्वेचे नगर. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४८ हजार होती. त्यात कोरियन, चिनी, इराणी, भारतीय अशा नाना भाषांची घरे आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये स्कायट्रेनची नवी शाखा लाफार्ज तलावापर्यंत आली आणि बर्नबी, पोर्ट मूडी येथून येणाऱ्या वृद्धांची सोय झाली. नगराचे नाव येथील मूळ रहिवासी क्विक्वेटलेम लोकांच्या नावावरून आलेले असून, नदीत वर चढणारा तांबडा मासा असा त्याचा अर्थ सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभी धरण झाले आणि त्या माशाची वाट अडली. तो पुन्हा नदीत परतावा म्हणून ते लोक अनेक वर्षे खटपट करीत आहेत. येथे कोणत्याही जाहीर कार्यक्रमाच्या प्रारंभी या भूमीच्या मूळ रहिवाशांचा आदरपूर्वक उल्लेख करण्याचा प्रघात आहे. आपणही तो पाळणार आहोत, आणि केवळ उपचार म्हणून नव्हे. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची कथा सांगणाऱ्या समाजाला, आश्रय देणारी भूमी कोणाची होती हे विसरून कसे चालेल?

याच नगराच्या एका भागाने मला फार शिकविले. तो भाग म्हणजे मेलार्डव्हिल. १९०९ च्या सप्टेंबरात फ्रेझर नदीकाठच्या लाकूड गिरणीत काम करण्यासाठी पूर्व कॅनडातून फ्रेंच भाषिक कुटुंबांचा पहिला जथा येथे आला. दुसरा जथा पुढच्या वर्षी आला. चहूकडे इंग्रजी, मध्ये ही मूठभर घरे. त्यांनी आधी चर्च उभारले, शाळा उभारली. पुढे १९५१ साली तेथील कॅथलिक पालकांनी एक विलक्षण संप केला. आपल्या दोन शाळांना सार्वजनिक निधीतून काहीच मिळत नाही, याच्या निषेधार्थ त्यांनी त्या शाळा बंद करून आठशेहून अधिक मुले एकदम सरकारी शाळांच्या दारात नेऊन उभी केली. जो भार आम्ही मुकाट्याने वाहतो तो किती आहे, हे एकदा तुम्हीच मोजून पाहा, असा त्याचा अर्थ. या प्रांतात खासगी शाळांना सरकारी साहाय्य देणारा कायदा व्हावयास १९७७ साल उजाडले. म्हणजे संप करणाऱ्यांची मुले स्वतः आईबाप होऊन गेली होती. तरीही ती वस्ती आपली ओळख टिकवून आहे. १९९० पासून त्यांचा वार्षिक उत्सव भरतो. त्याचे नाव फेस्टिव्हल द्यू ब्वा, अर्थात लाकडाचा उत्सव. ज्या कष्टाने आजोबांचे हात सोलवटले, तेच नाव नातवंडांनी उत्सवाला दिले. मेपलचा पाक बर्फावर ओतून काडीवर गुंडाळून मुलांना देतात आणि शेजारी फिडल वाजत असते. मी तेथे उभी राहून विचार केला की हे लोक उसने काही दाखवीत नाहीत. जे घरात होते, तेच अंगणात आणून मांडले आहे.

मग आमच्या घरात काय होते, याचा शोध सुरू झाला. ही पंचपदीतील तुलनेची पायरी. आपल्या समाजाने पूर्वी असे उपक्रम कसे उभे केले, कोणाचे साहाय्य घेतले, कोणत्या अटींवर घेतले?

पहिला दाखला शाळेचा. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. तिला लंडनच्या अँग्लो ज्यूइश असोसिएशनचे द्रव्यसाहाय्य लाभले, आणि पुढील काळात सर एली कदूरी यांच्या मोठ्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. म्हणजे दात्याचे नाव संस्थेला देणे आपल्याला नवे नाही आणि त्यात गैरही काही नाही. कदूरी यांचे नाव दारावर आले, पण त्यांनी शाळेचा वार बदलावयास सांगितले नाही की मुलांच्या प्रार्थनेत हात घातला नाही.

दुसरा दाखला याच केहिमकरांच्या ग्रंथाचा. बेने इस्राएल समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ च्या सुमारास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीव येथे, डॉ. इम्मॅन्युएल ओल्सवांगर यांच्या प्रयत्नाने. चाळीस वर्षे ते हस्तलिखित पडून राहिले. लेखकाला आपले पुस्तक छापलेले पाहावयास मिळाले नाही. योग्य आश्रयदाता वेळेवर न मिळाल्यास काय होते, याचे हे उदाहरण मी समितीपुढे मुद्दाम ठेवले. पैशाची घृणा करणे सोपे असते. पण पैशावाचून कामे चाळीस चाळीस वर्षे पेटीत राहतात.

तिसरा दाखला कीर्तनाचा. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांचे सहकारी यांनी मराठी कीर्तनाची पद्धत आपलीशी केली. पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान, पदे आणि साकी हे सर्व जसेच्या तसे ठेवले. आख्याने मात्र अब्राहामाची, योसेफाची, मोशेची. शेजाऱ्यांकडून भांडे घेतले, पण त्यात अन्न आपले शिजविले. भागीदारी कशी असावी, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

आणि चौथा दाखला थोडा निराळा. १९६८ च्या डिसेंबरात कोचीनच्या परदेशी सिनेगॉगचा चारशेवा वर्धापनदिन साजरा झाला, तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या आणि टपाल खात्याने तिकीट काढले. समाज लहान असला म्हणून शासनाकडे साहाय्य मागण्यास लाजू नये, हे मी त्यावरून शिकले.

आता भागीदार. येथे आपली जेमतेम अकरा कुटुंबे. आम्ही दोन दारे ठोठावण्याचे ठरविले. एक यहुदी बांधवांचे आणि दुसरे मराठी बांधवांचे. कोक्विटलाममध्ये बर्क्वेस्टसारखी ज्यू संस्था १९७० च्या दशकापासून आहे, आणि व्हँकुव्हरात तर अनेक सिनेगॉग आहेत. मराठी कुटुंबांचीही येथे चांगली वर्दळ आहे. गंमत पाहा. यहुद्यांमध्ये गेलो तर प्रथम विचारतात, "तुम्ही भारतीय असून यहुदी कसे?" मराठी माणसांमध्ये गेलो तर विचारतात, "तुम्ही यहुदी असून इतके शुद्ध मराठी कसे बोलता?" दोन्ही ठिकाणी आपण पाहुणे. म्हणून माझ्या मनात आले, एकदा आपणच यजमान व्हावे आणि या दोघांनाही एका पंगतीला बसवावे.

येथे मलिदा स्वतःच आमच्या मदतीला आला. भिजविलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा आणि पाच फळे. त्यात मांस नाही, दूध नाही, चूल नाही. कश्रुतचे नियम पाळणाऱ्याला चालतो, शाकाहारी मराठी पाहुण्याला चालतो. शिवाय त्याच दिवसांत मराठी घरांमध्ये संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालू असते, त्यामुळे त्यांचा तिळगूळ आणि आपला मलिदा एका आठवड्यात येतात. आपल्या किद्दूशाला पूर्वापार मनुका भिजवून केलेले शरबत चालत आले आहे. येथे सार्वजनिक ठिकाणी मद्य द्यावयाचे तर प्रांताचा खास परवाना काढावा लागतो. आपल्या आज्यांच्या मनुकांनी तो खर्च आणि ती धावपळ दोन्ही वाचविली!

अन्य परवाने मात्र चुकत नाहीत. जाहीर कार्यक्रमात अन्न वाटावयाचे तर फ्रेझर हेल्थ या आरोग्य खात्याकडे तात्पुरत्या अन्नकेंद्रासाठी अर्ज करावा लागतो आणि अन्न हाताळणाऱ्यांपैकी कोणीतरी फूडसेफ हा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. आमच्यातील दोन गृहिणींनी तो पूर्ण केला. चाळीस वर्षे स्वयंपाकघर सांभाळलेल्या बायकांना हात कसे धुवावे हे एका पंचविशीतील मुलाने शिकविले, आणि त्यांनी ते निमूटपणे शिकून प्रमाणपत्र भिंतीवर लावले. सभागृहासाठी दायित्वाचा विमा लागतो, तोही आधीच विचारून ठेवावा. मलिद्यात बदाम, पिस्ते, काजू असतात. येथील मुलांत सुक्या मेव्याची बाधा अनेकांना असते, म्हणून बिनमेव्याचे ताट निराळे, निराळ्या टेबलावर आणि निराळ्या पळीने, असे ठरले आहे.

यानंतर द्रव्य. एकूण खर्च अंदाजे अडीच हजार डॉलर. त्यात सभागृह, विमा, ध्वनियंत्रणा, साहित्य आणि तबला-पेटीवाल्यांचे मानधन आले. येथे दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत, कारण आमच्या समितीत त्यांचा बराच गोंधळ झाला. देणगी निराळी आणि प्रायोजकत्व निराळे. देणगी देणारा मोबदला मागत नाही. संस्था धर्मादाय म्हणून सरकारदरबारी नोंदलेली असेल, तरच ती त्याला करसवलतीची पावती देऊ शकते. प्रायोजक मात्र जाहिरातीचा मोबदला घेतो. त्याने दिलेल्या रकमेतून त्या लाभाचे मोल वजा करावे लागते, आणि ते मोल ठरविताच येत नसेल तर पावती देता येत नाही. आमची मंडळी कोणत्याही नोंदणीविना केवळ स्नेहाने जमलेली. पावती देण्याचा अधिकारच नाही. तेव्हा "पावती देऊ" असे तोंडून कोणी जाऊ देऊ नये, ही ताकीद मी खडूने फळ्यावर लिहावी तशी इतिवृत्तात लिहून घेतली.

तिसरा मार्ग सरकारी अनुदानाचा. ब्रिटिश कोलंबिया सरकार जुगारगृहांच्या उत्पन्नातून दरवर्षी सुमारे १४ कोटी डॉलर ना-नफा संस्थांना वाटते. कित्येक वाद्यवृंद, शाळांच्या पालकसमित्या आणि उत्सव त्यावर चालतात. आम्ही नोंदणीकृत संस्था नसल्याने यंदा आमचा प्रश्नच नव्हता. परंतु पुढे संस्था नोंदविल्यास हा पैसा घ्यावा का, यावर आमच्यात कडाक्याचा वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले, "मिश्नाच्या सन्हेद्रीन ग्रंथात फासे खेळणाऱ्याची साक्षसुद्धा ग्राह्य धरलेली नाही. त्याच्या हरलेल्या पैशांवर हन्नाबीचे ताट मांडणार?" त्यावर दुसऱ्या भगिनी म्हणाल्या, "तो पैसा सरकारी तिजोरीत गेला की सर्वांचा झाला. आपण नाकारला तर जुगार थांबणार आहे का?" एका तरुणाने धर्मराजाच्या द्यूताची आठवण दिली. वाद मिटला नाही, आणि तो मी मिटवूही दिला नाही. दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून ठेवले आहेत. काही प्रश्नांची उत्तरे घाईने दिली की ती उत्तरे राहत नाहीत, सोयी होतात.

आता माझी चूक सांगते.

एका व्यापाऱ्याने, नाव सांगण्याचे कारण नाही, आमच्या बेताविषयी ऐकले आणि मला बोलावून घेतले. त्यांनी एकरकमी तीन हजार डॉलर देऊ केले. आमचा सगळा खर्च भागून पाचशे उरणार! त्यांचे म्हणणे तीन कलमांत होते. कार्यक्रमाच्या नावाआधी त्यांच्या दुकानाचे नाव असावे आणि पुढे 'भारतीय खाद्यमेळा' असे म्हणावे. त्यांचा मोठा फलक व्यासपीठावर, ताटाच्या पाठीमागे असावा. आणि कार्यक्रम शनिवारी दुपारी व्हावा, कारण त्यांचे गिऱ्हाईक शनिवारी बाहेर पडते. "दिवसही तुमच्याच सणाचा आहे की!" असे ते हसून म्हणाले, आणि ते खरेही होते.

वाचकहो, मी तेथे नकार द्यावयास हवा होता, निदान समितीला विचारते असे तरी म्हणावयास हवे होते. पण आठ आठवडे घरोघरी वीस-वीस डॉलर मागून मी थकले होते. मी म्हणाले, "बहुतेक जमेल." एवढे दोनच शब्द. त्यांनी ते होकार म्हणून घेतले, आणि त्यात त्यांचा काय दोष? व्यापारी माणूस फलकाचे मोल जाणतो. शब्बाथचे मोल जाणणे हे माझे काम होते.

त्याच आठवड्यात मी आमच्यातील सर्वांत वृद्ध बाईंकडे गेले. त्यांना आम्ही सर्व मावशी म्हणतो. वय शहाऐंशी. त्यांची आई मुंबईत कीर्तनाला साथ करीत असे. त्यामुळे योसेफाचे आख्यान मावशींना जवळजवळ संपूर्ण मुखोद्गत आहे. आपल्या इकडे असे दुसरे कोणी नाही. हा सारा खटाटोप खरे पाहता त्यांच्यासाठी आहे. त्यांचा आवाज मुलांच्या कानी एकदा पडावा यासाठी. मी उत्साहाने पैशाची वार्ता सांगितली, फलकाचे सांगितले, वार सांगितला. मावशींनी सर्व ऐकून घेतले. मग शांतपणे विचारले, "एलियाहू हन्नाबीला शब्बाथच्या दिवशी पेटी वाजवून बोलावणार का, बाई? आणि तो आलाच, तर बसणार कोठे? फलकाच्या पुढे की मागे?"

मी निरुत्तर झाले. तीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारून निरुत्तर करीत आले होते, त्याची फेड झाली. पण खरा घाव पुढे होता. त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी येणार नाही, गाणार नाही. रागवू नका." म्हणजे ज्यांच्यासाठी पैसा जमवीत होते, त्यांनाच गमावून तो पैसा आणणार होते.

दुसऱ्या दिवशी त्या व्यापाऱ्यांकडे जाऊन मी क्षमा मागितली. फलक दाराशी लावू, पत्रिकेच्या शेवटच्या पानावर नाव छापू, पण वार रविवार राहील आणि नाव 'मलिदा'च राहील, एवढे आम्हांला शक्य आहे असे सांगितले. त्यांना ते मान्य झाले नाही. आम्ही नमस्कार करून निरोप घेतला. समितीतही मी चूक कबूल केली. एक-दोघांना फार राग आला. अडीच हजार कोठून आणणार, हा त्यांचा प्रश्न खरा होता आणि मजजवळ उत्तर नव्हते.

मग आम्ही टाचण पुन्हा लिहिले. या वेळी कागदाचे तीन रकाने केले. काय मिळणार, काय द्यावे लागणार आणि काय देता येणार नाही. आणि तिसरा रकाना सर्वांत आधी भरला. त्यात चारच ओळी आल्या. वार, नाव, ताटामागची जागा आणि कीर्तनाचा वेळ. पंचपदीत जिला सामान्यीकरण म्हणतात, ती पायरी माझ्यापुरती एवढीच आहे. भागीदार शोधावयास निघण्यापूर्वी जे देता येणार नाही, ते लिहून काढावे. पैसा समोर आल्यावर ते लिहिता येत नाही.

तो रकाना हाती आल्यावर बोलणी सोपी झाली. मराठी मित्रांनी ध्वनियंत्रणा आणि तिळगूळ यांचा भार उचलला. त्यांची अट एकच, त्यांच्या मुलींना एक अभंग म्हणू द्यावा. आनंदाने मान्य केली. एका यहुदी संस्थेतील स्नेह्यांनी सभागृहाच्या भाड्यात सवलत मिळवून दिली. त्यांची अट की साहित्य कोशेर असावे आणि त्यांच्या लोकांना मलिद्याचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगावा. तीही मान्य. एका छोट्या किराणा दुकानदाराने पोहे आणि नारळ देऊ केले आणि नाव छापू नका म्हणून सांगितले. पाच फळे पाच घरांनी वाटून घेतली. तबलावाल्याने अर्ध्या मानधनावर यावयाचे कबूल केले. खर्च चौदाशेवर आला, त्यातील आठशे जमले आहेत. सहाशेची तूट आहे, आणि ती मी लपवीत नाही.

दिवस ठरला आहे रविवार, २४ जानेवारी २०२७, सकाळी अकरा वाजता. त्याआधी शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक घराने आपापल्या शब्बाथच्या मेजावर पाच फळे ठेवून तू बिश्वात पाळावा, आणि रविवारी सर्वांनी एकत्र यावे. शनिवारी रात्री तीन तारे दिसल्यावर कार्यक्रम करावा असे काही तरुणांचे म्हणणे होते. पण जानेवारीतील बर्फात वृद्धांनी रात्री घराबाहेर पडू नये, हे त्यांनीच मग मान्य केले.

आणखी एक गोष्ट आम्ही केली, तीच कदाचित सर्वांत महत्त्वाची. केहिमकरांच्या हस्तलिखिताची चाळीस वर्षे माझ्या मनातून जात नव्हती. मावशींचे वय शहाऐंशी, आणि जानेवारी दूर. म्हणून समारंभाची वाट न पाहता एका रविवारी त्यांच्या घरी जाऊन आम्ही त्यांचे संपूर्ण आख्यान ध्वनिमुद्रित केले. भाऊ धान्य मागण्यास मिसर देशात येतात, त्या ठिकाणी मावशी अडखळल्या. पद आठवेना. कोपऱ्यात बसलेली त्यांची पणती, जिला मराठीची चार वाक्येही धड येत नाहीत, ती तीच चाल गुणगुणू लागली. पणजी घरात काम करताना गात असावी आणि हिने शब्दांवाचून ती उचलली असावी. चाल ऐकून मावशींना शब्द आठवले. मुद्रणात ती गुणगुण तशीच आहे. आम्ही ती कापली नाही.

आता उपयोजन, म्हणजे वाचकांसाठी स्वाध्याय.

पहिला : आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला एक पद, एक गोष्ट किंवा मलिद्याची आपल्या घरची कृती विचारा आणि तिच्याच आवाजात मुद्रित करा. समारंभाची वाट पाहू नका.

दुसरा : आपल्या गावी असा मेळावा योजीत असाल, तर तिसरा रकाना आज भरा. चार ओळींहून अधिक झाल्या तर त्या पुन्हा वाचा. देता न येण्याजोगे इतके काही नसते. एकही ओळ सुचली नाही, तर मेळावा कशासाठी हे पुन्हा ठरवा.

तिसरा : सहाशे डॉलरच्या तुटीविषयी काही सुचत असेल, तर समितीस अवश्य कळवा. पाच डॉलरही चालतील, आणि एक पायली पोहेही चालतील. मात्र पावती मिळणार नाही, हे ध्यानात असू द्यावे.

ताटामागची जागा आम्ही मोकळी ठेवणार आहोत. तेथे एक खुर्ची असेल, नेहमीप्रमाणे एलियाहू हन्नाबीसाठी. त्या दिवशी आपणांपैकी जे इकडे येऊ शकतील, त्यांनी जरूर यावे. गाडी ठेवावयास जागा पुरेशी आहे, आणि मावशी येणार आहेत.

सर्वांस शालोम.